एजन्सी डिजिटल कशी करावी (खर्च : एक पाटी)

इंदूरच्या राजवाड्याच्या मागे तुमची जाहिरात एजन्सी आहे, जोडीला एक मराठी साप्ताहिकही चालवता. कॉलम-सेंटिमीटरचे दर तोंडपाठ, छापील जाहिरातीवरचं १५ टक्के कमिशन वर्षानुवर्षं बिनबोभाट हातात पडलेलं. आता गिऱ्हाईक विचारू लागलंय, "डिजिटलचं काय?" घाबरू नका. पाटीवरचं 'पब्लिसिटी' खोडा, 'डिजिटल सोल्यूशन्स' लिहा. निम्मं काम झालं.

उरलेल्या निम्म्यासाठी एक मुलगा ठेवा. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्याच्याच ईमेलवर नोंदवा, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येऊ द्या, फेसबुक पेजचा एकमेव अ‍ॅडमिनही तोच. डोमेन फर्मच्या नावावर घेणं, दोन अ‍ॅडमिन ठेवणं हे परक्यांचे धंदे; आपल्याकडे सगळं घरच्यासारखं. पुढे तो पुण्याला नोकरीला जाईल, डोमेनची मुदत संपत आल्याची सूचना त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहील आणि एके सकाळी साइट उघडणार नाही. त्याला फोन लावा. उचलेल कधीतरी.

साप्ताहिकाचा जुना फाँट मात्र सोडू नका. कृतिदेवसारख्या फाँटात देवनागरी नुसती दिसायला असते, आत इंग्रजी अक्षरं बसलेली. 'भारत' म्हणजे संगणकाच्या लेखी एच-के-के-जे-आर. तो मजकूर साइटवर तसाच डकवला की वाचकाला अक्षरांचा चिवडा मिळतो, तोही शेवेशिवाय. उपाय आहे : युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षर देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, रूपांतर आणि त्यानंतर पुन्हा मुद्रितशोधन, कारण जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टंकलेला असतो, रूपांतरात नेमकी हीच दोन चिन्हं जागा सोडतात. एवढी उस्तवार कोण करणार? अख्ख्या पानाचा जेपीजी चढवा. त्यातला मजकूर ना कॉपी होईल, ना अंधांना पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर नीट वाचेल. रामबागेतले आजोबा दोन बोटांनी पान ताणत बसतील. ताणू देत, सांध्यांना बरं.

आता खरी कमाई. सराफ्यातल्या दुकानाची दिवाळीची जाहिरात आली की पेपरातली आडवी चौकटच रीलमध्ये घाला. रीलचा पडदा उभा, १०८० बाय १९२० पिक्सेलचा. तुमची चौकट मधोमध पट्टीसारखी बसेल, शाखांचे पत्ते मुंगीएवढे. मग डोळे मिटून 'बूस्ट', म्हणजे फेसबुकला पैसे भरून ती रील जास्त लोकांना दाखवणं. अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये नकाशावर टाचणी ठेवून परीघ एक किलोमीटरपर्यंत खाली आणता येतो, उद्दिष्ट म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरची चौकशी निवडता येते. ही गोष्ट शेठजींच्या कानावर जाऊ देऊ नका. ठिकाण 'भारत' ठेवा, उद्दिष्ट 'एंगेजमेंट', म्हणजे नुसते लाइक-कमेंट. यंत्रणा मागाल तेच देते : अंगठा दाबायची सवय असलेली माणसं शोधून आणते. गुवाहाटीहून लाइक येतील. मंगळसूत्र घ्यायला सुदामानगरातून कोणी आलं नाही, तर तो शेठजींच्या डिझाइनचा दोष. हो, आणि त्या खर्चावर १८ टक्के जीएसटी लागतो, हे बजेट देताना विसरायचं असतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट यादी करा, २५६ नंबर कोंबा. ज्यांनी तुमचा नंबर जतन केलेला नाही त्यांच्यापर्यंत संदेश पोहोचतच नाही, पण 'पाठवला' असं सांगायला तेवढं पुरतं.

महिनाअखेरचा अहवाल रंगीत हवा. पहिल्या पानावर 'रीच', म्हणजे जाहिरात किती जणांना दिसली, मोठ्या टायपात. तीन सेकंदांत अंगठ्याने वर सरकवलेला व्हिडिओही 'पाहिला' म्हणून मोजता येतो, तो आकडा दुसऱ्या पानावर. जाहिरातीपुरता वेगळा फोन नंबर ठेवला असता, लिंकला यूटीएम (माणूस कुठल्या जाहिरातीतून आला ते सांगणारी खूण) जोडले असते, तर कुठल्या जाहिरातीतून किती चौकश्या आल्या हे कळलं असतं. म्हणून तर ते करायचं नाही. शेठजींनी तरीही "दुकानात किती आले?" असं विचारलंच, तर छप्पन दुकानहून पोहे-जिलबी मागवा आणि अल्गोरिदम बदलला म्हणा. तो बदलतच असतो, त्यामुळे खोट्याचं पापही लागत नाही. पुढच्या महिन्याचं बिल जिलबीच्या आधी पुढे करा, नंतर हात चिकट होतात.