एक ग्रॅमच्या हट्टाने रेकॉर्ड वाचत नाही

‘जुन्या टर्नटेबलसाठी कार्ट्रिजचे चार नियम’ असा एक मजकूर सध्या फोनाफोनी फिरतो आहे. टर्नटेबल म्हणजे रेकॉर्ड फिरवणारं यंत्र, आणि कार्ट्रिज म्हणजे त्याच्या आर्मच्या (लांब दांड्याच्या) टोकाला बसणारा, सुईची थरथर विजेत बदलणारा भाग. मजकूर म्हणतो: सुईचा रेकॉर्डवरचा दाब जितका कमी तितकी रेकॉर्ड सुरक्षित, म्हणून कुठलंही कार्ट्रिज 1 ग्रॅमवर चालवा. अर्ध्या इंचावरचे दोन स्क्रू बसले की कार्ट्रिज जुळलं. मूव्हिंग कॉइल, म्हणजे सुईसोबत तारेचं वेटोळं हलतं ते कार्ट्रिज, नेहमीच सरस. आणि हिऱ्याची सुई झिजत नाही. मामांनी हे वाचून 2 ग्रॅमसाठी बनवलेलं कार्ट्रिज 1 ग्रॅमवर आणलं आणि आता त्यांच्या रेकॉर्डवर ‘स’ आणि ‘श’ फुटताहेत. म्हणून हे लिहायलाच हवं.

पहिला नियम सर्वांत घातक, कारण त्याने केलेलं नुकसान भरून येत नाही. सुई खाचेच्या दोन्ही भिंतींना टेकून चालते. आवाज चढतो तिथे त्या भिंती फार झपाट्याने वळतात. दाब अपुरा असेल तर सुई भिंत सोडते आणि परत येऊन तिच्यावर आदळते. विनाइलवर हिरा आदळला की ती जागा कायमची खरवडली गेली. पुढे कितीही उत्तम कार्ट्रिज लावलं तरी तो फुटका आवाज तिथेच राहतो. शिवाय कार्ट्रिजच्या आतली मांडणी ठरलेल्या दाबालाच मध्यावर येते. दाब निम्मा केला की सुईची दांडी भलत्या जागी राहते आणि सुईचा कोनही बिघडतो.

डेनॉनचं डीएल-103 बघा. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसोबत ते तयार झालं, म्हणजे रोज रेकॉर्ड वाजवणाऱ्या स्टुडिओंसाठी. त्याच्या माहितीपत्रकातला दाब 2.5 ग्रॅम, फार तर 0.3 इकडेतिकडे. 1 ग्रॅम हाच सुरक्षिततेचा नियम असता, तर प्रसारण संस्थेने हे कार्ट्रिज वापरलंच नसतं. ऑडिओ-टेक्निकाचं एटी-व्हीएम95ई 1.8 ते 2.2 ग्रॅम मागतं, ऑर्टोफॉनचं टूएम रेड 1.8. दाब कार्ट्रिज ठरवतं, आपली भीती नव्हे.

यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करतो. शुअर व्ही15 टाइप थ्री खरोखरच 0.75 ते 1.25 ग्रॅमवर चालायचं, आणि जुनी सिरॅमिक कार्ट्रिजं (चुंबकाऐवजी सिरॅमिकच्या तुकड्याने सिग्नल देणारी) 4-5 ग्रॅमने दाबून रेकॉर्ड खराब करत, हेही खरं. पण ते शुअर त्याच दाबासाठी घडवलेलं होतं.

दाब लावायची रीत अशी. अँटी-स्केट (आर्मला आत खेचणाऱ्या ओढीविरुद्ध लावलेला जोर) शून्यावर ठेवा, काउंटरवेट, म्हणजे आर्ममागचं वजन, फिरवून आर्म हवेत आडवा तरंगू द्या, मग नुसती आकड्यांची रिंग शून्यावर आणा आणि ठरलेल्या आकड्यापर्यंत काउंटरवेट फिरवा. जुन्या आर्मवर मात्र इथेच थांबू नका. स्प्रिंगने दाब देणाऱ्या आर्ममधली स्प्रिंग सैल पडलेली असते, काहींत काउंटरवेटमागचं रबर लोंबतं, आणि आकडा खोटं बोलतो. 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या आणि रेकॉर्डच्याच उंचीवर मोजा. मग अँटी-स्केट तेवढ्याच आकड्यावर आणा. रेकॉर्डच्या आतल्या गाण्यांत आवाज फुटला तर दाब 0.1 ग्रॅमने वाढवा, कंपनीने दिलेल्या कमाल मर्यादेपर्यंत. फक्त उजवी बाजू फुटत असेल तर अँटी-स्केट कमी पडतंय.

आता स्क्रूंचा नियम. स्क्रू बसणं म्हणजे जुळणं नव्हे. आर्मचं प्रभावी वस्तुमान (हलताना सुईला जाणवणारं वजन), कार्ट्रिज आणि स्क्रू यांचे ग्रॅम मिळवा, त्या बेरजेला 10 हर्ट्झवरच्या कंप्लायन्सने (सुईची दांडी किती मऊ आहे त्या आकड्याने) गुणा, वर्गमूळ काढा आणि 159 ला त्याने भागा. उत्तर म्हणजे आर्म आणि कार्ट्रिज मिळून सेकंदाला किती वेळा आपसूक डोलतात तो आकडा, आणि तो 8 ते 12 हर्ट्झमध्ये हवा. टेक्निक्स एसएल-1200 एमके2 चा आर्म 12 ग्रॅम, टूएम रेड 7.2, स्क्रू साधारण 0.8, म्हणजे 20. कंप्लायन्सही 20. उत्तर जवळपास 8, चालेल. पण 20 ग्रॅमच्या जड आर्मला 6 ग्रॅमचं, 30 कंप्लायन्सचं मऊ कार्ट्रिज लावलं, तर 1 ग्रॅमचे स्क्रू धरून उत्तर 5.6 येतं. रेकॉर्डचा बाकही सुईला जवळपास याच गतीने हलवतो, त्यामुळे आर्म डोलत राहतो. जपानी कंपन्या बऱ्याचदा कंप्लायन्स 100 हर्ट्झवर देतात. तो आकडा दीडपट ते दुप्पट धरा.

जुन्या सिरॅमिकवाल्या ऑटो-चेंजरवर (एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणाऱ्या यंत्रावर) मॅग्नेटिक कार्ट्रिज बसवलं तर हा नियम पुरता आपटतो. त्यातली स्वयंचलित यंत्रणा आर्मने बाजूने ढकलावी लागते. 2 ग्रॅमवर ते जमत नाही, सुई शेवटच्या खाचेत अडकून फिरत राहते. शिवाय सिरॅमिकचा सिग्नल थेट अँप्लिफायरला चालतो, मॅग्नेटिकला मध्ये फोनो प्रीअँप, म्हणजे बारीक सिग्नल वाढवणारा भाग, लागतो.

मूव्हिंग कॉइलबद्दल थोडक्यात. डीएल-103 देतं 0.3 मिलिव्होल्ट, टूएम रेड 5.5. जुन्या अँप्लिफायरचं साधं फोनो इनपुट (टर्नटेबलची वायर लावायची जागा) टूएम रेडसारख्यांसाठी बनलेलं असतं. डीएल-103 लावलं तर आवाज वाढवता वाढवता खरखरच वर येते. सिग्नल वाढवायला वेगळा ट्रान्सफॉर्मर किंवा हेड-अँप घ्यायची तयारी नसेल तर मूव्हिंग मॅग्नेटच, म्हणजे सुईसोबत चुंबक हलतं ते टूएम रेडसारखं कार्ट्रिज, घ्या. तिथेही केबल आणि प्रीअँपची मिळून पिकोफॅरडमधली कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता) तपासा. व्हीएम95ई ला 100 ते 200 हवी, जास्त झाली की वरचे सूर टोचतात.

आणि हिरा झिजतो. व्हीएम95 मालिकेसाठी कंपनीच लंबगोल सुईला 300 तास देते, गोल सुईला 500, मायक्रोलिनिअर या बारीक टोकाच्या सुईला 1000. वीस मिनिटांची एक बाजू धरली तर 300 तास म्हणजे 900 बाजू. झिजलेल्या सुईला धारदार कडा येते आणि ती खाच तासते. जुन्या टर्नटेबलसोबत आलेली सुई किती तास चालली हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, म्हणून आवडती रेकॉर्ड लावण्याआधी ती बदला.