आठाची पाऊणपट

तीन तलवारींचा झोरो सध्या दोन तलवारींवर आहे. तिसरी निवतीत एका पाच-सहा वर्षांच्या पोराच्या ताब्यात आहे आणि तो तिने कोंबड्या हाकतो. परत मागायला जावं, तर मिशा फुटलेल्या माणसाने लहान मुलाचं खेळणं हिसकावलं असं दिसणार.

ज्यांना झोरो ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एइचिरो ओदाची 'वन पीस' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९७ पासून चालू आहे, संपायचं नाव नाही. त्यातला हिरव्या केसांचा समुद्री चाचा म्हणजे रोरोनोआ झोरो. दोन तलवारी हातांत, एक दातांत. डाव्या डोळ्यावर वार, डोळा कायमचा मिटलेला. आणि दिशेचं ज्ञान शून्य. (कुडाळहून परुळेमार्गे निवतीला जाताना आम्ही दोनदा चुकलो, ती मात्र भूमिकेची तयारी नव्हती.)

झोरोचा वेष करून निवतीच्या किनाऱ्यावर फोटो काढायचे होते आणि तयारीत मी कसर ठेवली नव्हती. हातातल्या तलवारी १० मिलिमीटरच्या ईव्हीए फोमच्या, आत अर्धा इंची पीव्हीसी पाइप. तोंडातलीत पाइप घातला तर दहा मिनिटांत जबडा भरून येतो, म्हणून तिच्यात बांबूची कामटी. दात टेकतात तिथे रंग लावायचा नाही, नुसती सुती पट्टी गुंडाळायची. लाळ गळतेच, पण ते कुणी आधी सांगत नाही. गाडी उन्हात उभी राहिली की गम मऊ होतो आणि फोमचे सांधे उघडतात, म्हणून तिन्ही तलवारी सीटवर ओल्या टॉवेलखाली. विगला आतून टोपी, टोपीला आठ पिना, वर हेअरस्प्रे. खाऱ्या वाऱ्यापुढे आठ कमीच पडतात, बारा लावा. वार डोळ्याशेजारी असल्यामुळे कोलोडियन (कातडी आकसवून व्रण दाखवणारं द्रावण) नको, नुसता रंग. डोळाही फक्त क्लिकपुरता मिटायचा, कारण शेवाळलेल्या खडकावर एका डोळ्याने अंतर कळत नाही आणि माणूस बसतो तो बसतोच.

फोटोग्राफर मित्र ८५ मिलिमीटरची लेन्स घरीच चढवून आला होता. वाळूत लेन्स बदलायची नाही आणि काचेवर तुषार उडाले तर कोरडं फडकं फिरवायचं नाही, मीठ आणि वाळू मिळून काच खरवडतात. रिफ्लेक्टर मीच आणला होता. किनाऱ्यावर उघडल्या उघडल्या त्याचं शीड झालं आणि धरणारा त्याच्यामागून सुरूच्या बनाकडे धावला. सूर्यास्ताची वेळ पाहिली होती, वारा पाहिला होता, ढग पाहिले होते. ६ वाजता, सोनेरी उजेडात, मी पुढच्या खडकावर उभा राहणार होतो.

साडेचारला मी विग चढवत असताना गावातले एक आजोबा आले. लुंगी, उघडं अंग, कानात बिडी. आधी ते माझ्याभोवती पूर्ण एक फेरी मारून आले, देवळाला मारतात तशी.

"काय रे झिला, नाटाक खंय आसा आज?"

"नाटाक नाय आजोबा. फोटो काढतंव."

"मगे संकासूर कित्याक झालंस?" (संकासूर म्हणजे दशावतारी नाटकातला राक्षस.)

"संकासूर नाय. झोरो."

"खंयच्या देवळाचो?"

"जपानचो. चाचो आसा तो."

त्यांनी हे चावून गिळलं. मग विगकडे बोट. "आणि डोक्यार शेवाळ कित्याक इला?"

इथे मित्र वाळूत बसला. झोरोचा जहाजावरचा वैरी सांजी त्याला उठताबसता 'मारीमो' म्हणतो, म्हणजे पाण्यातला शेवाळाचा गोळा. आजोबांनी एकही भाग न बघता ते गाठलं होतं.

"आणि तलवारी तीन? हात दोनच ना रे?"

"तिसरी तोंडात धरतत."

मी धरून दाखवली. आजोबा बराच वेळ गप्प.

"मगे बोलतलो कसो?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तोंडात तलवार असल्यामुळे असतं तरी देता आलं नसतं. "तीस वर्सां दशावतारात काडलंय," ते म्हणाले. "राजा केलंय, राक्षस केलंय. तोंडात तलवार धरलेलो एकव बगूक नाय." ज्या रंगभूमीवर संहिताच नसते, सगळे संवाद जागच्या जागी सुचवायचे असतात, तिथला माणूस तोंड बंद करणाऱ्या वेषाला वेष मानणार कसा? त्यांनी माझी तलवार दातांतून काढली, पट्टी बोटाने दाबली, वजन तोललं. "पांगाऱ्याची करूक होयी. हलकी जाता." सावंतवाडीची लाकडी खेळणी पांगाऱ्याची होतात, हे मलाही ठाऊक आहे. दोन आठवडे फोम घासताना आठवलं नाही, एवढंच.

"कितीक वाजता चडतलंस खडकार?"

"सा वाजता."

"आज तिथ खंयची?"

मित्राने मोबाईल बघितला. अष्टमी.

आजोबा हसले. "आठाची पाऊणपट सा. सा वाजता भरती. तुजो खडक तेवा पाण्यात!"

तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ. चौथीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमेला सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी साडेपाचच्या आसपास आणि सूर्यास्ताला ओली वाळू आरशासारखी. इतका साधा हिशेब! शाळेत चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाची आकृती गुणांसाठी घोटून घेतली, पण हा पाढा कुणी शिकवला नाही, आणि समुद्र पावलावर असलेल्या मुलखात वाढून मीही कुणाला विचारला नाही. राग कुणावर काढायचा?

"भांगाचा पाणी आसा म्हणान वाचतलंस," आजोबांनी धीर दिला. (भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती, उधाण म्हणजे पौर्णिमा-अमावस्येची मोठी.) "उधान आसता तर विगच गावलो आसतो."

सहाला मी पोटरीभर पाण्यात होतो. फोम बुडत नाही, पाणी पीत नाही, तरंगतो. प्रत्येक लाटेला कमरेच्या दोन्ही म्याना आडव्या होऊन वर यायच्या आणि झोरो सुकाणू लावलेल्या होडीसारखा दिसायचा. चेहऱ्यावर ऊन हवं तर समुद्राकडे तोंड, मग फोटोग्राफर पाण्यात. किनाऱ्याकडे तोंड केलं की सूर्य पाठीशी, चेहरा काळा आणि विगची झुलपं तोंडात. तोंडात तलवारीचीच तेवढी जागा होती.

ती तलवार तोवर आजोबांच्या नातवाच्या हातात गेली होती. "खेळांदे रे," आजोबा म्हणाले, "फोटो तर दोन तलवारींचेव येतत."

पौर्णिमा मंगळवारी आली आहे. फोटोग्राफरला मंगळवारी रजा नाही.