उपग्रहावरील डिजिटल प्रसारणाने टेलिटेक्स्ट संपवले नाही

दूरचित्रवाणीच्या इतिहासाचा विषय निघाला की एक विधान हमखास पुढे केले जाते आणि ते इतक्या वेळा सांगून झाले आहे की आता कोणी तपासूनही पाहत नाही. ते विधान थोडक्यात असे: टेलिटेक्स्ट, म्हणजे रिमोटचे बटण दाबून टीव्हीच्या पडद्यावर मजकुराची पाने वाचण्याची सेवा, ही ॲनालॉग काळाची सोय होती; चित्रासोबत येणाऱ्या रिकाम्या ओळींवर तिचा मजकूर लादलेला असे; डिजिटल प्रक्षेपणात त्या ओळीच उरल्या नाहीत, त्यामुळे उपग्रह वाहिन्या डिजिटल होताच ही सेवा तांत्रिकदृष्ट्या अशक्य झाली; २०१२ मध्ये बीबीसीचे सीफॅक्स हे टेलिटेक्स्ट बंद झाले तेव्हा तिचा शेवट झाला; आणि इंटरनेट आल्यावर ती तशीही कोणाला नको होती. रिकाम्या ओळींबद्दलचे म्हणणे खरे आहे. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र खरे नाहीत.

आपल्याकडे हे विधान सहज पटते, यालाही कारण आहे. दिल्ली दूरदर्शनने १९८५ मध्ये ‘इनटेक्स्ट’ नावाने टेलिटेक्स्ट सुरू केले होते, पण देशभर त्याचे बस्तान कधी बसले नाही. टेलिटेक्स्टच्या युरोपीय मानकात लॅटिन, ग्रीक, सिरिलिक, अरबी आणि हिब्रू लिप्यांची सोय आहे, देवनागरीची नाही. त्यामुळे रिमोटवर त्याचे बटण असूनही ते दाबायचा प्रसंग बहुतेक मराठी घरांत आलाच नाही. जी सेवा कधी वापरलीच नाही ती संपली असे कोणी सांगितले, तर शंका घेणार कोण?

प्रथम तांत्रिक अशक्यतेचा मुद्दा घेऊ. ॲनालॉग चित्रात किरण पडद्याच्या तळाशी पोहोचून पुन्हा वर येईपर्यंतच्या अल्पशा अवधीत काही ओळी चित्राविना जात आणि त्यांतूनच टेलिटेक्स्टचा मजकूर पाठवला जाई. डिजिटल संकोचनात, म्हणजे चित्राची माहिती आटोपशीर करताना, फक्त दिसणाऱ्या ५७६ ओळी घेतल्या जातात, त्यामुळे या ओळी खरोखरच गळतात. पण हे डिजिटल प्रक्षेपणाची मानके ठरवणाऱ्यांना ठाऊक नव्हते असे समजणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. युरोपच्या डीव्हीबी या डिजिटल प्रक्षेपण व्यवस्थेत टेलिटेक्स्ट वाहून नेण्यासाठी स्वतंत्र मानक १९९०च्या दशकाच्या मध्यातच तयार झाले. त्यानुसार टेलिटेक्स्ट चित्रात लपून येत नाही. चित्र आणि ध्वनी यांच्या जोडीने त्याचा स्वतंत्र प्रवाह येतो.

हे काम किती विचारपूर्वक झाले, ते पाहण्यासारखे आहे. टेलिटेक्स्टची एक ओळ ४० अक्षरांची असते. पान आणि ओळ ओळखण्याची माहिती व इतर खुणा धरून ती ४६ बाइटची होते. डिजिटल प्रक्षेपणात माहिती छोट्या पॅकेटांतून जाते; प्रत्येक पॅकेट १८८ बाइटचे असते आणि त्यातले पहिले ४ बाइट त्याच्या स्वतःच्या ओळखीसाठी खर्च होतात. उरलेल्या १८४ बाइटांत ४६ बाइटच्या नेमक्या ४ ओळी बसतात, एक बाइटही वाया जात नाही. सुरुवातीच्या प्रास्ताविक माहितीलाही मुद्दाम भर घालून तिची लांबी ४६ बाइट केली आहे, जेणेकरून पुढची मांडणी विस्कटू नये. शिवाय वाहिनीच्या तपशीलपत्रकात प्रत्येक महत्त्वाच्या पानाची भाषा, क्रमांक आणि प्रकार यांची नोंद असते, आणि त्या प्रकारांमध्ये ‘कर्णबधिरांसाठी उपशीर्षके’ हा प्रकार वेगळा नोंदलेला आहे. जी गोष्ट टाकून द्यायची, तिच्यासाठी कोणी इतकी काळजी घेत नाही.

यालाच जोडून सांगितले जाते की टेलिटेक्स्ट उपग्रहाची मौल्यवान जागा अडवते. चित्राच्या प्रत्येक अर्ध्या चौकटीमागे १२ ओळी आणि सेकंदाला अशा ५० अर्ध्या चौकटी धरल्या, तर सेकंदाला ६०० ओळी होतात, म्हणजे ओळीचे ४६ बाइट आणि बाइटचे ८ बिट धरून सुमारे २ लाख २१ हजार बिट. युरोपातील उपग्रहांवरचा नेहमीचा एक ट्रान्सपाँडर, म्हणजे संकेत घेऊन पुन्हा पृथ्वीकडे पाठवणारा भाग, सेकंदाला सुमारे ३ कोटी ८० लाख बिट वाहतो. म्हणजे वाटा शेकडा एकाहूनही कमी. तेवढ्यात सेकंदाला साधारण २४ पाने जातात.

आता सीफॅक्सकडे वळू, कारण या विधानाचा सगळा भार त्यावरच आहे. सीफॅक्स २३ सप्टेंबर १९७४ रोजी सुरू झाले आणि २३ ऑक्टोबर २०१२ रोजी, उत्तर आयर्लंडमधील ॲनालॉग प्रक्षेपण थांबताना, बंद झाले. ब्रिटनमध्ये डिजिटल उपग्रह सेवा १९९८ पासूनच सुरू होती. बीबीसीने डिजिटल प्रेक्षकांसाठी १९९९ मध्ये मजकुराची वेगळी सेवा काढली, तीच पुढे रेड बटन म्हणून ओळखली गेली, आणि सीफॅक्सचे नशीब ॲनालॉगशी बांधले. हा त्या संस्थेचा निर्णय होता. तो योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल, पण त्याला तंत्रज्ञानाची सक्ती म्हणता येणार नाही.

कारण त्याच वर्षी, ३० एप्रिल २०१२ रोजी, जर्मनीने उपग्रहावरील ॲनालॉग प्रक्षेपण थांबवले आणि तिथे टेलिटेक्स्टला धक्काही लागला नाही. एआरडी आणि झेडडीएफ या तिथल्या सार्वजनिक प्रक्षेपण संस्थांनी १ जून १९८० रोजी संयुक्तपणे सुरू केलेली सेवा आज दोन स्वतंत्र सेवांच्या रूपात ॲस्ट्रा उपग्रहांवरून १९.२ अंश पूर्व या स्थानावरून येते. एआरडीच्या पानांचे संपादन पोट्सडॅममध्ये होते. जानेवारी २०२५ मध्ये एआरडीने उपग्रहावरचे जुन्या दर्जाचे चित्र बंद करून केवळ एचडी ठेवले, तेव्हाही टेलिटेक्स्ट एचडी वाहिनीसोबत पुढे आले. ऑस्ट्रियाच्या ओआरएफची सेवा तर जर्मनीच्याही काही महिने आधीची, जानेवारी १९८० ची आहे, आणि तीही चालू आहे. एकाच वर्षी दोन देशांत एकच तांत्रिक बदल होतो आणि परिणाम उलट होतात, तर कारण त्या बदलात शोधून कसे चालेल?

सेवा बंद झाल्याच नाहीत असे माझे म्हणणे नाही. सीएनएन इंटरनॅशनलने २००६ मध्ये आपली पाने थांबवली. आयर्लंडच्या आरटीईची ‘एर्टेल’ २०२३ मध्ये गेली. पण आयर्लंडमधील ॲनालॉग प्रक्षेपण ऑक्टोबर २०१२ मध्येच थांबले होते. डिजिटल हेच मृत्यूचे कारण असते, तर एर्टेल त्यानंतर आणखी अकरा वर्षे जगली नसती.

या विधानाच्या बाजूने खरोखर वजनदार असा एकच मुद्दा आहे, तो सेट-टॉप बॉक्समधून टीव्हीकडे डिजिटल चित्र आणि ध्वनी नेणाऱ्या एचडीएमआय वायरीचा. पूर्वी सेट-टॉप बॉक्स डिजिटल प्रवाहातून आलेला मजकूर पुन्हा त्याच रिकाम्या ओळींत भरून टीव्हीकडे पाठवत असे, आणि टीव्हीला आपण डिजिटल बॉक्सला जोडलेले आहोत याचा पत्ताही लागत नसे. एचडीएमआयमधून हे होत नाही. म्हणून बॉक्सनेच मजकूर उलगडून पडद्यावर रेखाटावा लागतो आणि ज्या बॉक्समध्ये ती सोय दिलेली नाही, तिथे बटण दाबून काही दिसत नाही. प्रेक्षकाचा ‘टेलिटेक्स्ट गेले’ असा समज होतो. प्रत्यक्षात मजकूर डिशपासून बॉक्सपर्यंत पोहोचलेला असतो. बॉक्स तो दाखवत नाही, इतकेच. या कमतरतेचे उत्तर बॉक्स बनवणाऱ्यांनी द्यायला हवे. तंत्रज्ञानाच्या नावावर ती खपवू नये.

शेवटचा मुद्दा, ‘आता कोणाला हवे?’ हा. मला यातली बेफिकिरी अधिक खुपते. जर्मनीत एआरडीची उपशीर्षके पान १५० वर आणि झेडडीएफची ७७७ वर असतात, आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ती कार्यक्रमाचा भागच आहेत. इंटरनेटवर सगळे मिळते हे खरे असले, तरी त्यासाठी वेगळी जोडणी, वेगळे पैसे आणि थोडी हातोटी लागते. टेलिटेक्स्टला डिश आणि तीन आकडे पुरतात. शिवाय ते एकतर्फी प्रक्षेपण असल्यामुळे कोणी कोणते पान वाचले हे पाठवणाऱ्याला कळत नाही, आणि ही गोष्ट आज लहान नाही. बीबीसीने रेड बटनावरचा मजकूर जानेवारी २०२० मध्ये बंद करायचे ठरवले, तेव्हा दृष्टिहीनांच्या संघटनेने केलेल्या मागणीनंतर तो निर्णय अगदी आदल्या दिवशी स्थगित करावा लागला. गरज नसलेल्या सेवेसाठी माणसे असा आग्रह धरत नाहीत.

जर्मनीत किंवा ऑस्ट्रियात राहणाऱ्या, छतावर १९.२ अंश पूर्वेकडे डिश लावलेल्या कोणाही मराठी कुटुंबाला यातले बरेचसे घरबसल्या पडताळता येईल. एआरडीची ‘दास एर्स्टे’ वाहिनी लावावी, रिमोटवरचे टेक्स्टचे बटण दाबावे आणि पान १०० उघडते का ते पाहावे. बॉक्सवर काहीच आले नाही, तर डिशची वायर टीव्हीच्या स्वतःच्या उपग्रह ट्यूनरला थेट जोडून पुन्हा तेच बटण दाबावे.