मतदानाने देव?

आमच्या वाड्यावरचा ग्रुप खरा चवथीच्या माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या आराशीसाठी, काढलेला. पण आठवडाभर तिथे एकच फॉरवर्ड फिरतोय: "येशू साधा माणूस होता. 325 साली निकेयाच्या परिषदेत बादशहा कॉन्स्टंटाईनने मतदान घेऊन त्याला देव केलं आणि सोयीची पुस्तकं बायबलात घातली." मी ख्रिस्ती नाही. तरीही राहवत नाही, म्हणून लिहितो.

325 साली देव केलं? साधारण 112 साली प्लिनी हा रोमन अधिकारी सम्राट ट्राजनला कळवतो, की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. प्लिनी काही त्यांचा भक्त नव्हे, त्यांना शिक्षा देणारा. त्याचा प्रांत बिथिनिया, आणि निकेया त्याच प्रांतातलं! म्हणजे परिषदेच्या दोनशे वर्षं आधी, त्याच मुलखात.

मग निकेयात जमलेल्या बिशपांचं भांडण कसलं? ज्याच्या शिकवणीवरून वाद पेटला तो पाद्री आरियससुद्धा पुत्राला, म्हणजे येशूला, साधा माणूस म्हणत नव्हता. जगाच्या आधी देवाने त्याला घडवलं, तो सगळ्या सृष्टीहून श्रेष्ठ, पण 'तो नव्हता असंही कधीतरी होतं', हे त्याचं म्हणणं. बाप आधी, मुलगा मागाहून. ऐकणाऱ्याला चटकन पटतं. उलट बाजूचं उत्तर मला कळलं ते परवा लाईट गेल्यावर, देवघरात समई लावताना. ज्योत आधी पेटली आणि उजेड मागाहून आला, असं होतं का? उजेड ज्योतीचाच, पण ज्योत जितकी जुनी तितकाच तोही. 'प्रकाशापासून प्रकाश', 'जन्मलेला, घडवलेला नव्हे' हे निकेयात ठरलेल्या श्रद्धेच्या मसुद्यातले शब्द. शेजारच्या आंटी इगर्जेत (चर्चमध्ये) मिसाच्या प्रार्थनेला तेच कोंकणीतून म्हणतात.

आता बादशहा. परिषद त्याने बोलावली, त्या मसुद्यावर सही नाकारणाऱ्यांना हद्दपारही केलं, हे कबूल. पण नाकारणारे बिशप शेवटी उरले दोन. आणि निकाल बादशहाचाच होता, तर 335 साली त्यानेच निकेयाच्या खंद्या समर्थकाला, अथानासियसला, दूर ट्रियरला (आजच्या जर्मनीत) कसं पिटाळलं? 337 साली मरणाच्या दारात बाप्तिस्मा घेतला तोही आरियसच्या पाठीराख्या बिशपाकडून. वाद पुढे 381 च्या परिषदेपर्यंत धुमसत राहिला.

राहिली पुस्तकं. निकेयाचे नियम वीस. पाद्र्यांनी व्याजाने पैसे लावू नयेत असा एक, रविवारची प्रार्थना उभ्याने करावी असा एक. पुस्तकांची यादी त्यांत कुठेच नाही.