छापील चित्राचा हिशेब

अनेक वर्षांनी पुन्हा हाती घेतलेल्या आपल्या अमूर्त डिजिटल चित्रांच्या छापील प्रती विकणार असल्याचे एका लेखिकेने लिहिले आहे; त्यांचा हा निर्णय आवडला. मात्र किंमत ठरवताना त्यांनी कागद आणि फ्रेम धरली, स्वतःचे तास धरले नाहीत, हे खटकले. पडद्यावर झळाळणारा निळा किंवा हिरवा रंग आरजीबीतून (पडद्याची लाल-हिरवा-निळा रंगपद्धत) सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत) जाताना बहुधा मंदावतो, म्हणून एकदम शंभर प्रती काढण्याआधी त्याच कागदावर एक नमुना प्रत छापून घ्यावी आणि तिचा खर्चही हिशेबात मिळवावा. ए-३ आकाराला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) सुमारे ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल लागतात. लहान फाइल नंतर ताणली की कडा धूसर होतात. पुण्याच्या बालगंधर्व कलादालनात प्रदर्शन मांडलेच, तर मर्यादित प्रतींवर क्रमांक आणि सही अवश्य असावी (पुणेकर गिऱ्हाईक तरीही घासाघीस करणारच).