जग लेडीज डब्याला चालवायला द्या, पण अटी लागू

जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आपल्याकडे तयार आहेत, फक्त आपल्याला कोणी विचारत नाही एवढंच. रशिया-युक्रेन? दोघांना एका खोलीत कोंडा, बाहेरून कडी घाला, भूक लागली की आपोआप सही करतील. गरिबी? नोटा छापा आणि वाटा. ग्लोबल वॉर्मिंग? प्रत्येकानं एक झाड लावा (हे सांगणाऱ्या काकांनी पार्किंगसाठी गुलमोहर तोडायला सगळ्यात आधी सही केली होती, पण असो). भ्रष्टाचार? चार जणांना भर चौकात लटकवा, बाकीचे सरळ होतील. हे सगळं मी ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकलंय, पार्लरमध्ये ऐकलंय, लग्नाच्या बुफेच्या लाइनीत ऐकलंय, आणि फॅमिली ग्रुपवर तर गुड मॉर्निंगच्या गुलाबाखाली रोज येतंच.

यातलं नोटा छापायचं झिम्बाब्वेनं करून बघितलंय बरं का. २००९च्या जानेवारीत तिथे १०० ट्रिलियन डॉलरची नोट निघाली, एकावर चौदा शून्यं, आणि काही महिन्यांत ते चलनच गुंडाळावं लागलं.

मग शिकलेली मंडळी म्हणतात, बघा, सामान्य माणसाला अक्कल नाही, हे सगळं एक्स्पर्टवर सोडा. इथे माझं भांडण सुरू होतं. कारण भर चौकात लटकवा म्हणणारी तीच बाई संध्याकाळी दादरला बदलापूर फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात चढते ना, तेव्हा तिचं डोकं कसं चालतं ते एकदा येऊन बघा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आत शिरल्या शिरल्या पर्स पुढे घ्यायची आणि बसलेल्यांना ओळीनं विचारत जायचं, कुठे? ठाणा. कोणाला दिलीय? हो, त्या निळ्या ड्रेसवाल्या ताईंना. मग निळ्या ड्रेसवाल्या ताईंना विचारायचं, तुम्ही कुठे? डोंबिवली. मग तुमच्यानंतर मला हं. झालं, सीटचं बुकिंग पक्कं, ना कागद ना पैसे, आणि बाईची ओळखदेख तर नाहीच नाही. ठाणा आलं आणि मधल्यामध्ये कोणी टुणकन बसलीच तर अख्खा डबा तिच्यावर तुटून पडतो, निळ्या ड्रेसवालीला तोंड उघडायचीही गरज पडत नाही. पोटुशी बाई आली की हे सगळं बुकिंग बाजूला. चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीवर बसलेलीला थोडं सरकून घ्या म्हणायचा हक्क आहे, पण तिसरीवर डाफरायचा नाही. रोजच्या ग्रुपमध्ये तर आधीपासून बसलेल्या अर्ध्या वाटेत उठतात आणि उभ्या असलेल्यांना बसवतात. रेल्वेनं यातला एकही नियम केलेला नाही, टीसीला विचाराल तर त्याला माहीतही नसेल.

एलिनॉर ऑस्ट्रॉम म्हणून एक अमेरिकन बाई होत्या, २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्या विषयातलं नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या बाई. त्यांनी आयुष्यभर हेच बघितलं, म्हणजे लोकल नाही, पण कुरणं, पाटाचं पाणी, मासेमारी, जंगलं. त्याआधी अर्थशास्त्राच्या पुस्तकांत असं लिहिलेलं होतं की सगळ्यांच्या मालकीची वस्तू म्हटली की लोक ती ओरबाडून संपवणारच, म्हणून एकतर सरकारनं ताब्यात घ्या नाहीतर विकून टाका. बाईंनी दाखवलं की असं व्हायलाच हवं असं काही नाही, जिथे लोक स्वतः नियम करतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात आणि चुकणाऱ्याला आधी छोटी मग मोठी शिक्षा देतात, तिथे तीच वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकते. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथीड्रलच्या दाराशी पाण्याचं कोर्ट भरतं. शेतकऱ्यांनीच निवडलेले शेतकरी न्यायाधीश, वकील नाही, सगळं तोंडी, तुझ्या पाळीत मी पाणी घेतलं की नाही ते तिथल्या तिथे निकाली. शेकडो वर्षं चाललंय हे.

आणि एवढं लांब कशाला, आपलं नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार गाव. पाऊस मोजायचा, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि यंदा कोणती पिकं घ्यायची ते त्यावरून ठरवायचं. शेतीसाठी बोअर मारायची नाही, ऊस-केळी नको. हे कलेक्टरनं लादलं असतं तर पहिल्याच रात्री कोणीतरी बोअरची गाडी बोलावली असती.

आमच्या सोसायटीचंच सांगते. २०२४च्या जूनमध्ये १० टक्के पाणीकपात होती तेव्हा वरच्या मजल्यांना सकाळी थेंब येईना, मीटिंगमध्ये नुसती आरडाओरड, एक जण म्हणे कोर्टात जाऊ, दुसरा म्हणे नगरसेवकाला घेराव घालू (नगरसेवक होतेच कुठे तेव्हा). शेवटी डबे करून देणाऱ्या एक काकू उठल्या, शांतपणे म्हणाल्या, वेळ बदलण्यापेक्षा वॉल्व कोण बंद करतो ते आधी ठरवा, वॉचमनला ज्यानं चहा पाजला त्याच्या विंगला पाणी जास्त जातं. सगळे गप्प. मग ठरलं की वॉल्व उघडताना आणि बंद करताना दोन्ही विंगमधलं एकेक माणूस पाळीपाळीनं खाली हजर राहणार. भांडणं दुसऱ्या दिवसापासून बंद! ना इंजिनीयर लागला ना टँकर.

आता इथे टाळ्या वाजवून पोस्ट संपवता आली असती, पण याच सोसायटीनं पुढच्या मीटिंगमध्ये तेवढ्याच एकमतानं लिफ्टशेजारी बोर्ड लावला, की घरकामाच्या बायका आणि डिलिव्हरीवाल्यांनी ही लिफ्ट वापरू नये. त्या मीटिंगला घरकामाची एकही बाई नव्हती. भाड्याला फ्लॅट कोणाला द्यायचा नाही, कोणाचं आडनाव चालत नाही, कोणाच्या डब्यातलं मटण चालत नाही, हेही सामान्य माणसंच ठरवतात, वरून सरकार येऊन सांगत नाही. आणि गर्दीच्या वेळी विरार गाडीत, मध्येच उतरणाऱ्या बोरिवलीच्या माणसाला काय वागणूक मिळते ते वेस्टर्नवाल्यांना विचारा. डब्यातले नियम डब्यातल्यांसाठी. जी बाई निळ्या ड्रेसवालीचा नंबर प्रामाणिकपणे राखते तीच प्लॅटफॉर्मवरच्या बाईला म्हणते, जागा नाही, मागची गाडी पकडा.

म्हणून "सामान्य माणसाकडे द्या, तो बरोबर करेल" हेही मला अर्धवटच वाटतं. आपली अक्कल चालते ती आपल्याला भोगायला लागतं तिथे, आणि उद्या सकाळी त्याच माणसाचं तोंड बघायचं असतं तिथे. ज्याचं तोंड बघायचं नाही त्याला आपण खुशाल चौकात लटकवतो. आणि जगाच्या प्रश्नांची गोची हीच आहे ना, की तिथे मागची गाडी नाही. हवा एकच. पण २०१५च्या पॅरिस करारात प्रत्येक देशानं आपलं टार्गेट आपणच लिहायचं आणि नाही गाठलं तर दंड नाही. युनोच्या सुरक्षा परिषदेत अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स यांच्यापैकी एकानं नकाराधिकार वापरला की ठराव बोंबलला, म्हणजे पाच फ्लॅटवाल्यांनी वॉल्वच्या चाव्या खिशात घालून बाकीच्यांना पाणी जपून वापरा सांगावं तसं. हे काही सामान्य माणसांनी केलेलं नाहीये, कोट-टायवाल्यांनीच केलंय.

मला पटलेला रस्ता आयर्लंडचा आहे. सविता हलप्पनवार आठवते का, आपल्या बेळगावची डेंटिस्ट, २०१२ मध्ये तिथे गर्भपात नाकारल्यामुळे गेली. देश हादरला, पण घटनेतल्या बंदीला हात लावायला पुढारी घाबरत होते. मग २०१६ मध्ये त्यांनी ९९ साधी माणसं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडली, वय, बाई-पुरुष, गाव-शहर सगळं देशाच्या प्रमाणात, वर एक न्यायाधीश बाई अध्यक्ष. वीकेंडला बसवलं, डॉक्टर आणले, वकील आणले, ज्यांच्यावर वेळ आली होती त्या बायकांचं म्हणणं ऐकवलं, आणि मग ठरवा म्हटलं. त्यांनी सांगितलं, बंदी काढा. २०१८च्या मे महिन्यात सार्वमत झालं, ६६ टक्क्यांहून जास्त लोकांनी बंदी काढायच्या बाजूनं मत दिलं. त्याच ९९ जणांच्या सभेला हवामानाबद्दल विचारलं तर ८० टक्के म्हणाले, कार्बन जास्त सोडणाऱ्या गोष्टींवर आम्ही जास्त टॅक्स भरायला तयार आहोत. टॅक्स वाढवा असं स्वतःच्या तोंडानं म्हणणारी सामान्य माणसं! कुठल्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात शोधून दाखवा असं वाक्य.

मुंबईत हे का नाही होणार? गावाला निदान ग्रामसभा आहे, आपल्याला काय आहे? मार्च २०२२ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच सगळं बघत होते, २०२५-२६चं ७४ हजार ४२७ कोटींचं बजेटही असंच लोकांनी निवडलेल्या एकाही माणसाशिवाय मांडलं गेलं, आणि आपण काय केलं, तर खड्ड्यांचे मीम फॉरवर्ड केले.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक वॉर्डात मतदार यादीतून लॉटरी काढा. सोसायटीचा सेक्रेटरी येऊ दे, झोपडपट्टीतली ताई येऊ दे, डिलिव्हरीवाला येऊ दे, त्याचा रोज बुडतो म्हणून त्याला त्या दिवसाचे पैसे द्या. महापालिकेचे इंजिनीयर समोर बसवा, उत्तरं द्यायला, भाषण करायला नाही. आणि पहिला विषय फेरीवाले ठेवा. म्हणजे फूटपाथ अडवतात म्हणून तक्रार करणारा, सात वाजता ऑफिसातून येताना त्यांच्याकडूनच भाजी घेणारी, आणि भाजीवाला स्वतः, तिघं एका टेबलावर. पहिला रविवार नुसता भांडणात जाणार हे मी आत्ताच लिहून देते, म्हणून निदान चार रविवार ठेवा. चहा आणि वडापाव महापालिकेकडून. ७४ हजार कोटींत तेवढं बसेल.