‘इंग्रजीच्या तासाला मराठी बंद’ : या सल्ल्यात काय चुकतं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालक-शिक्षकांच्या ग्रुपवर एक सल्ला सारखा फिरतो : इंग्रजीच्या तासाला शिक्षकाने मराठीचा शब्दही काढू नये, मुलांनी काढला तर दंड घ्यावा, म्हणजे पोरं आपोआप फाडफाड बोलतील. त्याच्या बाजूने जे बोललं जातं, ते एकेक करून पाहू.

‘आईची भाषा शिकतात तशीच शिकतील.’ घरची भाषा दिवसभर कानावर पडते. चाळीस मिनिटांच्या आठवड्याला सहा तासिका धरल्या, तरी इंग्रजी होते चार तास. त्यातही निम्मा वेळ फळ्यावरचं उतरवण्यात जातो. आपल्याकडची मुलं घरी मराठी, बाजारात कन्नड सहज बोलतात, ती भाषा रोज कामाला लागते म्हणून.

‘मराठी आली की इंग्रजी ऐकणं थांबतं.’ हे अर्धं खरं आहे. प्रत्येक इंग्रजी वाक्यामागे लगेच मराठी आली, तर मुलं मराठीचीच वाट बघतात. म्हणून नवी सूचना आधी इंग्रजीत, मग हळू आवाजात एकदा मराठीत, पुन्हा इंग्रजीत द्यावी. दुसऱ्या आठवड्यापासून मधली मराठी गाळून हातवारे ठेवावेत. ‘ओपन युअर बुक्स’, ‘वर्क इन पेअर्स’ अशा रोजच्या सूचनांना पुढे मराठी लागत नाही. ‘सिन्स टू इयर्स’ का चुकतं (‘फॉर टू इयर्स’ हवं), हे मात्र मराठीत दोन मिनिटांत उलगडतं. इंग्रजीतून सांगायला गेलं की तास संपतो आणि चूक तशीच राहते.

‘पोरं यस सर म्हणतात, म्हणजे कळतं.’ खरी गोची इथेच आहे. ‘अंडरस्टुड?’ला अख्खा वर्ग ‘यस’ म्हणतो. जोडीकाम देताना कागद आधी वाटू नयेत, माना खाली जातात. पान क्रमांक फळ्यावर लिहा, एका जोडीकडून करून दाखवा, मग विचारा : ‘थ्री सेन्टेन्सेस ऑर फाइव्ह? रायटिंग ऑर स्पीकिंग?’ कागद त्यानंतर. प्रश्न विचारून तीन सेकंद गप्प राहा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात नोंदवलं, की शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात. तीन थांबले की उत्तरं लांबतात.

दंडाचं थोडक्यात : ज्याला इंग्रजी येत नाही तोच भरतो, म्हणून तो तोंडच उघडत नाही. त्याऐवजी अडलेला शब्द मुलाला मराठीत किंवा कन्नडमध्ये म्हणू द्यावा, शिक्षकाने इंग्रजी शब्द द्यावा आणि मुलाने पूर्ण वाक्य पुन्हा म्हणावं. ही शेवटची पायरी घाईत गळते. मग शब्द तेवढा मिळतो, वाक्य शिक्षकाचंच राहतं.